चाचणीचा निरोप

"हे बटण मी रोज दाबते! आजच निरोप बाहेर कसा गेला?"

तिच्या आवाजानं अख्ख्या ऑफिसच्या माना वळल्या. एका इस्पितळासाठी रुग्णांच्या नातेवाइकांना मोबाइलवर निरोप धाडणारा प्रोग्राम ती लिहीत होती. एक चूक सापडेना, म्हणून तिनं एडिटरमधलं डीबगरचं बटण दाबलं; त्यानं प्रोग्राम एकेक पायरी चालवून चूक शोधता यायची. चाचणीचे निरोप खोट्या नंबरांवरच जायचे. निरोप कुठे जायचा ते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सवर, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून पुरवलेल्या माहितीवर ठरायचं, आणि ती माहिती कुठल्या फाइलमधून उचलायची ते डीबगरच्या सेटिंगमध्ये लिहिलेलं असायचं.

तिनं सेटिंग उघडलं. चाचणीची फाइल काढून तिथे कुणीतरी इस्पितळाच्या चालू यंत्रणेची, खऱ्या नंबरांची फाइल टाकली होती. आणि 'तुमच्या रुग्णाला आज घरी सोडत आहोत' हा निरोप खऱ्याखुऱ्या माणसांना गेला होता.

बदलाच्या नोंदीत नाव साहेबांचं होतं. ती तडक त्यांच्या केबिनमध्ये शिरली.

"काल घाईत बदललं, परत करायचं राहिलं," साहेब खुर्चीतून हललेही नाहीत. "तू बघून चालवायला नको?"

"मला सांगायला तोंड नव्हतं?"

"आवाज खाली. तांत्रिक बिघाड झाला म्हणू. सगळ्यांना माफीचा एक निरोप सोडून दे, संपलं."

"आणखी एक निरोप?" तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तिकडे माणसं घरून निघाली असतील! मी फोन करते. अर्धे नंबर तुम्ही घ्या."

"मला मीटिंग आहे."

तिनं दार असं आपटलं की काच थरथरली. मग ती एकेक नंबर फिरवत बसली. कुणी रडलं, बहुतेकांनी शिव्या घातल्या. ती माफी मागून पुढचा नंबर फिरवत होती. त्या शिव्यांचा खरा धनी काचेपलीकडे चहा पीत होता.

पुढचा फोन एका म्हाताऱ्या माणसानं उचलला. इस्पितळाच्या निरोपाबद्दल बोलतेय, असं तिनं सांगितलं.

"बोला बाई! इस्पितळाच्या दारातच आहे मी. काल डॉक्टर म्हणाले, आशा धरू नका. आणि आज बघा, घरी सोडतायत आमच्या हिला!"



"काका... तो निरोप चुकीचा होता. चूक आमची आहे."



"म्हणजे आज नाही सोडणार?"

"नाही, काका."

आता हा ओरडेल, म्हणून तिनं डोळे मिटून घेतले. ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो फोन तसाच धरून टॅक्सीवाल्याशी बोलत होता.

"भाऊ, जा तुम्ही. मागच्या सीटवरची उशी तेवढी द्या काढून."