गोलकीपरांची साक्ष

मोरॅग कॅलेंडरच्या ग्रीन कार्डाच्या अर्जावर इमिग्रेशन खात्याची नोटीस आली, तेव्हा तिच्या व्हिसाचे चौदा आठवडे उरले होते आणि उत्तर बारा आठवड्यांत द्यायचे होते. नोटिशीच्या सातव्या पानावर म्हटले होते की, सादर केलेली पाचही शिफारसपत्रे शब्दकळा, वाक्यरचना आणि युक्तिवादाचा क्रम या तिन्ही बाबतींत इतकी सारखी आहेत, की ती पाच व्यक्तींनी स्वतंत्रपणे लिहिली असे मानणे कठीण आहे. सबब त्यांना अल्प महत्त्व देण्यात येत आहे.

पाचही पत्रे मी लिहिली होती.

आमच्या बॉथेल गावात हे कुणाला वावगे वाटत नाही. ज्याला शिफारस हवी, त्यानेच मसुदा करावा आणि साहेबाने तो वाचून सही करावी, अशी इथल्या इंजिनिअर मंडळींची रीत आहे. वैद्यकीय उपकरणांची माहितीपुस्तके लिहिण्यात माझी तीस वर्षे गेल्यामुळे निवृत्तीनंतर असे मसुदे आपसूक माझ्याकडे येऊ लागले. शेजारच्या राजीवची पत्रे मीच केली होती. त्याची मुलगी रुही ज्या फुटबॉल संघात खेळते, त्याची प्रशिक्षक मोरॅग. म्हणून तिला माझ्याकडे आणले तेही राजीवनेच.

मोरॅग स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरची. अकरा मोसम ती ग्लेनकार्डी नावाच्या छोट्या क्लबची फॉरवर्ड होती. देशासाठी ती सहा सामने खेळली, मग गुडघा गेला. तिचा अर्ज या खेळातल्या कामगिरीवरच उभा होता. ते सहा सामने नोंदलेले होते. क्लबसाठी केलेले दीडशेच्या आसपास गोल मात्र कुठेच नव्हते. तिकडची वर्तमानपत्रे पुरुषांच्या तळाच्या संघांचे निकाल छापत, बायकांचे नाही. क्लब बंद पडला आणि त्याचे दप्तर चिटणिसाच्या गॅरेजमध्ये ओलीने कुजले.

नोटीस आल्यावर मी, माझी बायको उल्का, राजीव आणि मोरॅग असे चौघे आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसलो.

"काका, सिंपल आहे," राजीव म्हणाला. "पत्रं रीराइट करू. एकात लांब वाक्यं, एकात छोटी. पाच मिनिटांत पाच स्टाइल्स मिळतात आजकाल."

"म्हणजे एक चूक झाकायला दुसरी, आणि ही जाणूनबुजून."

"चूक कसली यार? फॅक्ट्स सगळे खरेच आहेत."

"तथ्य खरं असलं म्हणून बनावट साक्षीदार खरा ठरत नाही."

"अहो, साक्षीदाराचं राहू द्या," उल्का म्हणाली. "त्या पत्रांत पाचही जण ‘नेव्हरदलेस’ म्हणतात. हिची जुनी कोच मासळी साफ करायच्या कारखान्यात होती. ती बाई जन्मात कधी ‘नेव्हरदलेस’ म्हणाली असेल का?"

मोरॅगला मराठी कळत नाही, पण तो एक शब्द तिला कळला आणि ती हसली. मग इंग्रजीत म्हणाली, "खरं सांगू का, मनोहर? ती पत्रं वाचताना मला वाटलं, यात वर्णन केलेली ही बाई आहे तरी कोण? भेटायला आवडेल हिला." थोड्या वेळाने ती पुढे म्हणाली, "परत जायची मला भीती नाही. पण मी खेळलेच नाही असा कागद घेऊन मी परत जाणार नाही."

मी तिला एखादा गोल सांगायला सांगितले. वर्ष तिला आठवेना, सामन्याचा निकालही आठवेना. पण गोलकीपर कोण होती, ती कोणत्या बाजूला आधी झुकत असे, चेंडू तिच्या कोणत्या हाताखालून गेला, हे तिने काल घडल्यासारखे सांगितले. दुसरा गोल विचारला, तिसरा विचारला. प्रत्येक वेळी तिचे बोलणे समोरच्या गोलकीपरपासूनच सुरू होई.

जिचे नुकसान झाले तिने ते कबूल करणे, याहून वजनदार साक्ष नाही. मित्राची स्तुती संशयास्पद असू शकते. प्रतिस्पर्ध्याची कबुली सहसा नसते. मी म्हणालो, "पत्रं गोलकीपरांकडून मागवायची."

"त्यांच्या पाया पडू?" मोरॅगचा चेहरा ताठ झाला. "त्यातल्या एकीचं बोट मोडलंय माझ्या बुटाने."

"उत्तम. तिला पहिलं लिही."

मग कागद ओढून तिने एकोणीस नावे लिहिली.

मी अट एकच घातली: कुणालाही मसुदा पाठवायचा नाही. फक्त विचारायचे, मोरॅग तुमच्याविरुद्ध खेळली का आणि तुम्हाला काय आठवते? प्रतिकूल असेल तर तेही लिहा.

"काका, तुम्ही निगेटिव्ह मागून घेताय," राजीव म्हणाला. पण लग्नानंतर आडनावे बदललेल्या त्या बायका शोधण्यात पुढचे चार रविवार त्यानेच घालवले.

नवव्या आठवड्यापर्यंत अकरा पत्रे आली. एक दंतवैद्य बाईंचे होते, एक ट्रक चालवणाऱ्या बाईंचे. कर्स्टन नावाच्या गोलकीपरला खाल्लेला प्रत्येक गोल त्याच संध्याकाळी वहीत टिपायची सवय होती: तारीख, मैदान, कोणता पाय, स्वतःचे काय चुकले. तिने वहीच्या पानांचे फोटो पाठवले. त्यांत मोरॅगचे चौदा गोल होते. अकरा पत्रांत एकही वाक्य दुसऱ्यासारखे नव्हते.

शेवटचे पत्र बोट मोडलेल्या आयोनाचे. तिने लिहिले होते की, मोरॅगसारखी फॉरवर्ड तिने आयुष्यात दुसरी पाहिली नाही. आठ सामन्यांत मोरॅगने आपल्याला नऊ गोल मारले. त्यातला नववा ऑफसाइड, म्हणजे नियमाबाहेरचा होता. आणि बोटाबद्दल तिने कधी सॉरीसुद्धा म्हटले नाही.

मोरॅगने ते उभ्यानेच वाचले. "ऑफसाइड नव्हता," ती म्हणाली.

"हे पत्र ड्रॉप करू या," राजीव म्हणाला. "दहा पुरेत."

"नको. तेच सगळ्यात वर ठेवू," मी म्हणालो. "फक्त त्यात एका सामन्याचं वर्ष चुकलंय. कर्स्टनच्या वहीत २००४ आहे, हिने २००५ लिहिलंय. तेवढा एक आकडा मी..."

"तू हात लावू नकोस," मोरॅग म्हणाली. "मी तिला विचारते."

वीस वर्षांनी त्या दोघी एकमेकींशी बोलल्या, आमच्या मागच्या अंगणात, फोन स्पीकरवर ठेवून. मोरॅगने आधी बोटाबद्दल माफी मागितली. मग आयोना म्हणाली, "बरं. पण ऑफसाइड होताच." त्यावर पाऊण तास वाद झाला. माझ्या मते आयोनाचा युक्तिवाद अधिक नेटका होता, पण मी मध्ये बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तिने पत्राची नवी प्रत पाठवली. वर्ष तिने स्वतःच्या हाताने सुधारले होते. ऑफसाइडची ओळ तशीच होती, आता अधोरेखितही केलेली.

राहिले प्रश्नाचे अवघड टोक: जुन्या पत्रांचे काय? त्यांचा उल्लेखच टाळावा, असे मोरॅगच्या वकीलबाईंचे म्हणणे. माझे म्हणणे असे की, ज्या अधिकाऱ्याने पाच पत्रांतला एकच हात ओळखला, तो आपले मौनही ओळखेल. सोबतच्या पत्राचे पहिले वाक्य मी साधे ठेवले: आधीच्या पाच पत्रांचा मजकूर सह्या करणाऱ्यांच्या संमतीने एकाच माणसाने, म्हणजे मनोहर साठ्ये याने, तयार केला होता, आम्ही ती पत्रे मागे घेत आहोत.

"काका, हे रिस्की आहे," राजीव हळूच म्हणाला. "उलटलं तर तिची पूर्ण केस जाईल. तुमचं काही जाणार नाही."

त्याचे म्हणणे रास्त होते. कागद माझा असला, तरी जोखीम तिची होती. मी तो मोरॅगपुढे सरकवला आणि राजीवचा आक्षेप तिला शब्दशः इंग्रजीत सांगितला.

तिने ते वाक्य दोनदा वाचले. "हे खरं आहे ना?"

"हो."

"मग राहू दे." तिने सही केली. वकीलबाईंनी दहाव्या आठवड्यात सारे पाठवले.

तेराव्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी दहाला मोरॅग आमच्या दारात उभी होती. मंजुरीचे पत्र एका पानाचे होते. कोणत्या साक्षीला किती वजन दिले, याचा त्यात उल्लेख नव्हता. निर्णयाला कारणे जोडली पाहिजेत, असे मी म्हणू लागलो. उल्काने माझ्या हातातून कागद काढून घेतला आणि मोरॅगला जवळ घेतले.

"रुहीच्या टीमला सांगायचं ना?" उल्काने विचारले.

"संध्याकाळी पाचला सराव आहे, तेव्हा." मोरॅग फोन लावत पायरीवर बसली. "तिकडे स्कॉटलंडात संध्याकाळचे सहा वाजलेत. आधी आयोनाला."