कॅचरची आई

बेसबॉलचा चेंडू हातात घेऊन पाहिलाय कधी? भीमाबाईनं एकदा पाहिला आणि त्या दिवसापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. गल्लीतल्या पोरांचा रबरी चेंडू वेगळा आणि हा वेगळा. दगडासारखा टणक, वरून लाल दोऱ्याची शिवण. हा असला चेंडू समोरून कुणीतरी सगळी ताकद लावून फेकणार आणि तिची सोळा वर्षांची चेतना तो झेलायला बॅटवालीच्या मागं उकिडवी बसणार! याला म्हणे कॅचर म्हणतात.

"कॅचर कायची, बळीचा बकरा हाये!" भीमाबाई नवऱ्याला म्हणाली.

त्याला, लहानूला, डावा डोळा नव्हता. नऊ वर्षांपूर्वी रायपूरजवळ सिलतऱ्याच्या एका प्लांटात भट्टीतून तापलेलं लोखंड उसळलं आणि डोळा गेला. "आवाज आला अन् मी तोंड फिरवलं, म्हणून दुसरा वाचला," एवढंच तो दवाखान्यात म्हणाला होता. बस्स, तेव्हापासून त्या घरात तो कायदा झाला. कुकरची शिट्टी झाली, तोंड फिरव. फोडणी तडतडली, तोंड फिरव. दिवाळीत शेजारच्यांनी सुतळी बॉम्ब लावला की भीमाबाई ओरडायची, "चेतना, तोंड फिरव!" आणि सात वर्षांची पोरगी पटकन मान डावीकडं वळवायची. शाळेतली कवायत विसरली असेल, पण ही नाही विसरली.

आणि आता ही पोट्टी आपण होऊन चेंडूसमोर बसून राहिली होती. तीन वर्षं झाली. "पहला बेस" नावाची संस्था होती, प्लांटातल्या मजुरांच्या, बस्तीतल्या पोरापोरींना बेसबॉल शिकवायची. ती चालवणारे शिशिर भैया शंकर नगरातले मराठी; त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरातलं. बँकेतली चांगली नोकरी सोडून हे उद्योग करत होते. आधी एक तास शाळेच्या व्हरांड्यात गणित-इंग्रजी, मग मैदान. अभ्यासाला दांडी मारली तर ग्लोव्हला हात लावायचा नाही. नववीत गणितात गटांगळ्या खाणाऱ्या चेतनाला दहावीत एकाहत्तर टक्के पडले, ते याच व्हरांड्यामुळं. हे भीमाबाई नाकारत नव्हती. ती कृतघ्न नव्हती, ती घाबरलेली होती.

त्यात आता संस्थेनं वसतिगृह काढलं होतं. अकरावी-बारावी, राहणं, जेवण, सगळं त्यांच्याकडं. बाकीच्या जागा भरल्या होत्या, कॅचरची एकच उरली होती आणि ती चेतनाला मिळत होती. फक्त आईबापाची सही हवी. लहानूची ड्यूटी पाळीची, म्हणून सहीचं काम भीमाबाईकडं. आणि शिशिर भैयांचा नियम असा, की सही करणाऱ्यानं आधी एक मॅच डोळ्यांनी पाहायची. न पाहता केलेली सही ते घेतच नसत.

"जयभीम, काकू. बसा इथं सावलीत," त्या रविवारी भैयांनी खुर्ची दिली.

बसते कुठली! भीमाबाई मैदानाच्या कडेच्या जाळीला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. पहिला चेंडू सुटला तेव्हाच तिनं जाळी घट्ट आवळली. दुसऱ्याला तिनं डोळे मिटले. तिसरा बॅटला निसटता लागला आणि चेतनाच्या तोंडावरच्या लोखंडी जाळीवर खाडकन आदळला. चेतनानं मान झटकली आणि पुन्हा बसली. माय वं, ही पोट्टी आहे का काय! भीमाबाईला लहानूची पट्टी बांधलेली मुंडी दिसायला लागली, त्या पट्टीवरचा पिवळा डाग दिसायला लागला. मनाला किती समजावलं, पण मन ऐकेल तर ना.

पाचव्या डावात एक उंचीपुरी पोरगी चेंडू टाकायला आली. तिनं पाय उचलला, हात मागं नेला, आणि भीमाबाईच्या तोंडून आपोआप किंकाळी फुटली.

"चेतना, तोंड फिरव!"

आणि चेतनानं तोंड फिरवलं.

एका क्षणाचा खेळ. मान डावीकडं वळली, ग्लोव्ह जिथल्या तिथं राहिला आणि चेंडू त्याच्यावरून येऊन उजव्या कानामागं लागला. जाळी तोंडापुढं होती. कानामागं काहीच नव्हतं. पोरगी एका कुशीवर पडली आणि हलेना.

भीमाबाई कशी धावली, चप्पल कुठं राहिली, तिला काही आठवत नाही. एवढंच आठवतं, की आपण काय केलं हे तिला धावतानाच कळलं होतं.

डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला, आत काही नाही म्हणाले. तीन आठवडे आराम, मैदान बंद. शिशिर भैया रात्रभर दवाखान्याच्या बाकावर बसून होते. सकाळी भीमाबाई त्यांच्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "भैया, मीच मारलं माह्या पोरीले."

"नाही, काकू. चूक माझी आहे. कान झाकणारं हेल्मेट नसताना मी तिला बसवायला नको होतं." भैयांचा आवाज बसला होता. मग म्हणाले, "पण एक खरं सांगतो. समोर पाहत असती तर चेंडू जाळीवर लागला असता. आता तिची ती सवय गेल्याशिवाय मी तिला बसवणार नाही. दीड महिना जागा धरून ठेवतो. नाही जमलं तर राहू द्या."

खोटं कशाला सांगू? भीमाबाईला आधी हायसं वाटलं. चला, सुटली पोरगी. घरी राहील, अभनपुरात मावशीचं शिवणकामाचं दुकान आहे, तिथं हाताशी बसेल. सुईनं फार तर बोट टोचतं.

चौथ्या आठवड्यात चेतना मैदानावर गेली. नवीन हेल्मेट आलं होतं, कान झाकणारं. भैया स्पंजचा चेंडू टाकत होते, आणि प्रत्येक चेंडूला पोरीची मान डावीकडं वळत होती. आई तिथं नव्हती, कुणी ओरडत नव्हतं, तरी वळत होती. संध्याकाळी ती घरी आली आणि भिंतीला टेकून बसली.

"चेतना, जेवाले ये वं," भीमाबाईनं स्वयंपाकघरातून हाक मारली.

पोरीची मान झटक्यात डावीकडं वळली.

भीमाबाईच्या हातातला चमचा तसाच राहिला. तिनं पुन्हा हळूच हाक मारली, "चेतना." पुन्हा तेच. चेतनाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मम्मी, मैं जानबूझके नहीं करती. तुझा आवाज आला की होऊन जाते."

"भेव वाटते का तुले?"

"हव. पहिल्यापासून वाटते. रोज वाटते. पण पहिले मी पाहून राहायची."

त्या रात्री भीमाबाईला झोप लागली नाही. चेंडू गेला खड्ड्यात; आपल्या हाकेला आपली पोर दचकते, हे तिला सहन होईना. नऊ वर्षं जी गोष्ट पोरीला वाचवायला शिकवली, तिनंच पोरीला पाडलं. ती प्लांटातल्या मजुरांना जेवणाचे डबे द्यायची; दुसऱ्या दिवशी ते पोचवले आणि मिळेल त्या बसनं ती मैदानावर गेली.

"भैया, यावर औषध काय हाये ते सांगा. मी काय करू?"

शिशिर भैया म्हणाले, "करता येईल. पण तुम्हाला जड जाईल. मी चेंडू टाकीन आणि तुम्ही जाळीमागं उभं राहून ओरडायचं, त्या दिवशी ओरडलात तसंच. आणि तिनं ऐकायचं नाही."

"म्हणजे मी तोंड फिरव म्हणू अन् तिनं फिरवू नोको?"

"हो."

पहिल्या दिवशी भीमाबाईच्या तोंडून आवाजच निघेना. "काकू, हे कुजबुजणं झालं," भैया म्हणाले. मग ओरडली, तर चेतनाची मान वळली आणि स्पंजचा चेंडू तिच्या हेल्मेटवर बसला. भीमाबाई रडायला लागली, चेतनाही. आठ दिवस रोज हाच तमाशा. डब्यांना उशीर झाला, मजूर चिडले, लहानू एकदा येऊन लांब उभा राहून निघून गेला. त्याला पाहवलं नाही. नवव्या दिवशी पोरगी स्पंजच्या चेंडूला वळेनाशी झाली. तेव्हा भैयांनी पिशवीतून खरा चेंडू काढला.

तो पांढरा, टणक, लाल शिवणीचा चेंडू भैयांच्या हातात होता, आणि जाळीपलीकडं भीमाबाईची लेक उकिडवी बसली होती. चेतनानं ग्लोव्ह पुढं धरला. आता नको म्हणावं, पोरीला घेऊन बसमध्ये बसावं, कोण काय म्हणणार आहे? कुणीही काही म्हटलं नसतं. भैयांनी हात मागं नेला.

भीमाबाईनं छाती फुटेस्तोवर आवाज काढला, "चेतना, तोंड फिरव!" आणि ओरडता ओरडता मनातल्या मनात ती पोरीची विनवणी करत होती, ऐकू नोको वं माय, माह्यं ऐकू नोको, जन्मात एकदा तरी माह्यं ऐकू नोको.

ठप्प.

चेंडू ग्लोव्हमध्ये होता. चेतनाची मान सरळ होती. तोंडावरच्या जाळीआडून दोन्ही डोळे समोर पाहत होते, भ्यालेले, पण उघडे.

भीमाबाई मातीत बसली आणि हमसून हमसून रडली. सही आजच करायची, हे तिचं तिथंच ठरलं. भीती मात्र तसूभरही कमी झाली नव्हती.

चेतनानं चेंडू भैयांकडं परत फेकला. मान न वळवता ती म्हणाली, "मम्मी, ऊठ ना. अजून एक चेंडू, अन् या वेळी जोरात ओरड."