खोल होत गेलेली खाच

जोतिबा सुताराचा निरोप आला तेव्हा इंद्रजित सागवानाच्या फळीवर पेन्सिलीनं रेघ मारत होता. निरोप साधाच होता : माझी हत्यारांची पेटी घेऊन जा, मला आता तिचं काम नाही. तो ऐकता ऐकता इंद्रजितची रेघ वाकडी गेली, आणि ती पुसायचंही त्याला सुचलं नाही.

रहिमतपूरच्या रस्त्याला इंद्रजितचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं एवढंच. पत्र्याची शेड, तीन मशिनी आणि कोपऱ्यात भुशाचा ढीग. पण चौकट करावी तर इथेच, देव्हारा घ्यावा तर इथलाच, असं पार कोरेगावपर्यंत लोक म्हणत, आणि ते नाव खरं तर जोतिबाच्या हातांचं होतं. इंद्रजितला रंधा धरायला त्यानंच शिकवलं. पुढे लाकडात खाचा मारायचं राऊटर आलं तेव्हा साठीला टेकलेला हा माणूस नातू झाल्यासारखा हरखला, आणि महिन्याभरात त्यानं त्या मशिनीला स्वतःचे कायदे लावले.

जाड दांडीचं बिट, म्हणजे फिरणारं पातं, चालत असेल तर बारीक दांडीचं घ्यायचं नाही. धार गेलेलं बिट लाकूड कापत नाही, जाळतं, तेव्हा त्याला जीव लावायचा नाही. खोल खाच एका दमात मारायची नाही, थोडी थोडी न्यायची. आणि बिट पकडणाऱ्या कोलेटमध्ये ते बसवण्याआधी त्याची दांडी कोरड्या फडक्यानं पुसायची म्हणजे पुसायचीच. "कोलेट म्हंजी मूठ हाय रं," तो म्हणायचा. "तेलकट मुठीत काय ऱ्हातंय?" हे वाक्य इंद्रजितनं इतक्यांदा ऐकलं होतं की ते आता त्याच्या कानात शिरतच नव्हतं.

गेल्या खंडेनवमीला कारखाना बंद होता. रिवाजाप्रमाणे सगळी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडली होती. करवती, पटाशा, रंधे, आणि जोतिबाच्या पेटीतली बिटंसुद्धा. इंद्रजितनं स्वतःच्या हातानं एकेका बिटाला दिव्यातलं तेल लावलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. पूजा अगदी मनापासून केली. घोड्यानं पेंड खाल्ली ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. देव्हाऱ्याची दारं त्याच संध्याकाळी द्यायची होती. जोतिबा यायला थोडा उशीर झाला, म्हणून इंद्रजितनंच अर्ध्या इंचाचं बिट उचललं, पुढचं कुंकू फुंकरीनं उडवलं आणि टेबलाखालच्या राऊटरमध्ये बसवून आवळलं. दांडी पुसली नाही.

"तात्या, बिट बशिवलंय. तुमी लावा लाकूड," तो म्हणाला होता.

जोतिबा दुसऱ्याच्या हातानं बसवलेलं बिट कधी वापरत नसे. त्या दिवशी त्यानं वापरलं, कारण ते इंद्रजितनं बसवलं होतं. लाकूड निम्म्यावर गेलं आणि एकदम हिसकलं गेलं. त्याच्या मागोमाग जोतिबाचा उजवा हात बिटावर गेला. अंगठ्याशेजारच्या बोटाचं पहिलं पेर राहिलं नाही.

कराडच्या दवाखान्यात नेणं, सगळं निस्तरणं, घरी पोचवणं, इंद्रजितनं काही कमी केलं नाही. लोक त्याला देवमाणूस म्हणाले. ते ऐकताना त्याला धरणीनं पोटात घ्यावं असं व्हायचं. कारण दवाखान्यातून परत आल्यावर त्यानं ते लाकूड हातात घेतलं होतं. खाच सुरुवातीला सहा मिलीमीटर खोल होती. पुढे सात, नऊ, आणि शेवटाला बारा. हात चुकला तर खाच वाकडी जाते, खोल जात नाही. खोल जाते ती बिट कोलेटमधून सरकून वर आलं तरच. त्यानं ते लाकूड प्लायवूडच्या मागे दडवलं, आणि जोतिबानं विचारलं तेव्हा चुलीत गेलं म्हणून सांगितलं. गाव म्हणालं, म्हाताऱ्याचं वय झालं. जोतिबानंही ते मान्य केलं.

आज मात्र, तीन महिन्यांनी, इंद्रजितनं ते लाकूड बाहेर काढलं, पोत्यात गुंडाळलं आणि मोटारसायकलला बांधलं.

जोतिबा ओसरीवर बसला होता. पलीकडे पाळण्यात त्याची अडीच महिन्यांची नात चुळबुळत होती. रंगूबाईनं इंद्रजितला चहाची कपबशी दिली आणि नवऱ्यापुढं स्टीलचा पेला ठेवला, निम्माच भरलेला.

"कप देतच न्हाई मी ह्यास्नी," ती म्हणाली. "नगंच म्हनत्यात. सांडंल म्हनं."

"हात माझा ऱ्हायला न्हाई, इंद्रा," जोतिबा म्हणाला. "चाळीस वर्सांत असं लाकूड सुटलं न्हवतं. उद्या माझ्यापायी दुसऱ्याचा हात जाईल. त्यापरीस पेटी तू घे."

पेटी उघडीच होती. लाकडी ठोकळ्यात भोकं पाडून जोतिबानं प्रत्येक बिटाला जागा दिली होती. एक भोक रिकामं होतं, त्या दिवशीच्या बिटाचं. इंद्रजित नुसता "बरं" म्हणाला, पेटी उचलून बाहेर गेला आणि मोटारसायकलला बांधू लागला. पोत्यातलं लाकूड त्याच्या गुडघ्याला लागलं. निघून गेला असता तर कोणाला काहीही कळणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यानं किल्ली फिरवलीसुद्धा होती.

मग तो पोत्याची गाठ सोडून परत आत आला आणि त्यानं लाकूड जोतिबाच्या मांडीवर ठेवलं.

"चुलीत गेलं न्हवतं, तात्या. मी लपिवलं हुतं."

जोतिबानं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग लाकडाकडं. मधलं बोट खाचेत घातलं आणि हळूहळू टोकापर्यंत नेलं. परत आणलं, परत नेलं. इंद्रजितला काही सांगावं लागलं नाही.

"दांडी पुसली न्हाईस."

"न्हाई. पूजेचं तेल हुतं."

"आनि माझी चूक न्हाई, हे तुला तवाच ठावं हुतं."

"व्हय, तात्या."

रंगूबाई पदर तोंडाला लावून उभी राहिली. रस्त्यानं उसाची ट्रॉली गेली. जोतिबा शिव्या देईल, लाकूड फेकून मारेल, म्हणून इंद्रजित वाट पाहत राहिला. त्याला ते हवंच होतं.

"बोटाचं काय न्हाई," जोतिबा शेवटी म्हणाला. "धंदाच तसला हाय. पर ही पोरगी झाल्यापास्नं मी तिला एकदाबी उचलली न्हाई, इंद्रा. हातातनं पडंल म्हनून."

इंद्रजितला वर बघवेना.

"रंगू, आन तिला हिकडं."

रंगूबाईनं पोरीला पाळण्यातून काढून त्याच्या हातात दिली. जोतिबानं अर्ध्या बोटाचा पंजा तिच्या मानेखाली घातला आणि तिला छातीशी धरलं. हात जरासुद्धा हलला नाही.

"माझी पेटी आत आनून ठेव," तो म्हणाला. "आनि जा."

इंद्रजितनं पेटी आणून ठेवली. जोतिबानं त्याच्याकडं पाहिलं नाही.