सासऱ्यांची दाढी

बायकोनं शर्ट भिजवायला घेतला, बाही उलटी केली आणि आतले रक्ताचे ठिपके पाहून तिला आधी रागच आला. नवऱ्याच्या गोळ्यांचा तिच्याएवढा फायदा घरात कुणालाच झाला नव्हता. स्वतःचा भाऊ वारल्यापासून तो रात्रभर येरझाऱ्या घालायचा, दिवसा भिंतींशीही वाद घालायचा. डॉक्टरांनी मन शांत करायच्या गोळ्या सुरू केल्या आणि तो उशीसारखा गप्प झाला. टीव्हीचा रिमोट तिचा, शेवटचा शब्द तिचा. त्यात आता हे रक्त कुठून आलं?

"अहो, हात बघू."

कोपरापर्यंत बारीक चिरा होत्या.

"सलून उघडायच्या आधी वस्तरा स्वतःवर चालवून बघतो," तो म्हणाला. "हात थरथरला, तर त्या दिवशी नुसते केस कापायचे."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"सांगितलं की. म्हणाले, आजार वाढलाय. गोळी वाढवली."

तेव्हा तिला आपल्या वडिलांची दाढी आठवली. जावयाशिवाय कुणापुढे गाल न करणारे बाबा 'ऋषी व्हायचंय' म्हणत दाढी वाढवून बसले होते. आणि दर रविवारी याच्याच खुर्चीत बसणारे डॉक्टर हल्ली समोरच्या सलूनमध्ये जात होते. म्हणजे थरथर सगळ्यांना दिसली होती, तिच्याखेरीज.

ती त्याला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"थरथर या गोळ्यांचीच आहे," बाई म्हणाल्या. "झोप लागायला लागली तेव्हाच त्या कमी करत आणायला हव्या होत्या. आता एकदम सोडू नका. हळूहळू उतरवू."

गोळ्या उतरवताना काही रात्री वाईट गेल्या. तिनंही त्याच्याबरोबर येरझाऱ्या घातल्या.

मग एका रविवारी बाबा खुर्चीत बसले आणि मान मागे टाकली.

"काढा हे जंगल, जावईबापू. खाजेनं जीव गेला."

"ऋषी व्हायचं होतं ना?"

"तपात उवा होतात, हे कुणी सांगितलं नव्हतं."

वस्तरा गळ्यावरून सरळ उतरला. हात चालू होता तसं नवऱ्याचं तोंडही चालू होतं. पंख्याच्या वेगावरून तो सासऱ्यांशी भांडत होता. बायको दाराशी उभी राहून ऐकत होती. रिमोट गेला, शेवटचा शब्द गेला. जाऊ दे. जावयाचा मान राखायला बाबांनी खाज सोसली होती, आणि गिऱ्हाइकांसाठी त्यानं आपली कातडी दिली होती.

समोरच्या सलूनमधून डॉक्टर बाहेर पडले. गाल गुळगुळीत, कुठे साधा ओरखडा नाही.