डब्यातला प्रश्न

"लिफ्टमध्ये माणसं अडकली की सगळ्यात आधी काय बोलतात?"

हा प्रश्न माझा नाही. म्हणजे विचारला मीच, तोही रेडिओवर, तोही कन्नडमध्ये! पण डोकं शिवलीला आणि विराटचं.

शाळेच्या व्हॅनमध्ये आम्ही तिघं मागच्या सीटवर बसतो. व्हॅनवाले अण्णा रोज पाच वाजता एकच स्टेशन लावतात. बंगळूरच्या आमच्या भागातल्या एका कॉलेजचं छोटंसं रेडिओ केंद्र आहे, त्यावर 'एदुरु मने' लागतं. एदुरु मने म्हणजे समोरचं घर. गिरिजाक्का नावाची एक बाई रोज एका पाहुण्याला बोलावते आणि तासभर गप्पा मारते. पाहुणा असा, की ज्याला टीव्हीवर कुणी कधीच बोलावणार नाही. एकदा शिवाजीनगरचा शिंपी आला होता, लग्नाच्या बँडवाल्यांचे झगमग कोट शिवणारा. एकदा एक आजोबा आले होते, ते चाळीस वर्षं नुसते चाव्या बनवतायत आणि स्वतःच्या घराला कुलूप लावत नाहीत. सर्जापूर रोडवर व्हॅन एकदा थांबली की कार्यक्रम संपेपर्यंत हलत नाही, त्यामुळे आम्ही सगळं ऐकतो.

त्या दिवशी पाहुणे होते लिफ्ट दुरुस्त करणारे सिद्दण्णा. विराट म्हणाला, "फोन करून विचार ना हे!"

मी म्हटलं, "तूच विचार."

"मला येतं कन्नड. त्यात काय मजा? तू विचारून दाखव."

शिवलीला म्हणाली, "ती नाही विचारणार रे. ती वर्गात पाणी प्यायला जाऊ का एवढंसुद्धा विचारत नाही."

हे खरं होतं. आम्ही नागपूरहून इथे आलो त्याला तेव्हा एक वर्ष झालं होतं आणि त्या वर्षात मी शाळेत एकूण साधारण चाळीस वाक्यं बोलले असेन. पण 'नाही विचारणार' म्हटलं की माझ्या डोक्यात काहीतरी होतं. मी पुढे हात केला, "अण्णा, फोन द्या."

माझं कन्नड म्हणजे पंक्चर सायकल होतं. प्रश्न विचारून झाला, तेव्हा माझे कान इतके तापले होते की त्यावर पोळी भाजली असती. आणि मग सिद्दण्णा असे हसले, असे हसले की गिरिजाक्काला त्यांना पाणी द्यावं लागलं.

"सगळ्यात आधी कुणी काहीच बोलत नाही पुट्टी," ते म्हणाले. (पुट्टी म्हणजे छोटुकली.) "आधी सगळी बटणं दाबतात. एक ते बारा, पुन्हा बारा ते एक. फक्त बेल दाबत नाहीत. लाज वाटते ना! मग फोन काढतात, रेंज नसते. मग एकमेकांकडे बघतात. तुम्ही कितव्या मजल्यावर? अय्यो, मी तुमच्याच वर! पाच वर्षं झाली! एकदा तर मी लिफ्ट चालू केली, तर आतली बाई म्हणाली, अण्णा, स्वल्प थांबा, ह्यांची गोष्ट अर्धी राहिलीय."

अख्खी व्हॅन हसली. आणि गिरिजाक्का म्हणाली, "ही प्रश्नवाली मुलगी कोण गं? उद्याही फोन कर."

मग मी रोजच करायला लागले. बनशंकरीच्या देवळाबाहेर लिंबाचे दिवे विकणारी बाई आली, तेव्हा मी विचारलं की लिंबं पिळून, उलटी करून दिवे करता, मग एवढ्या रसाचं करता काय? ती म्हणाली, "आमच्याकडे बारा महिने सरबत असतं. माझा नवरा म्हणतो, एखाद दिवस साधं पाणी दे."

माझं कन्नड सुधारलं ते असं. अभ्यास करून नाही, ट्रॅफिकमध्ये बसून. उरलेलं वासंतीकाकूंनी सुधारलं. त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. त्यांचे मिस्टर सरकारी कारखान्यात इंजिनियर होते, त्यामुळे त्या चाळीस वर्षं बंगळूरमध्येच आहेत आणि त्यांचं मराठी असं आहे: "स्वानंदी, स्वल्प कोथिंबीर आहे का गं घरात? सरी, नसली तर राहू दे." (स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे बरं.) रोज संध्याकाळी त्याही स्वयंपाकघरात रेडिओ लावतात आणि मी घरी आले की जिन्यातच माझ्या चुका सांगतात.

आता घरची गोष्ट.

पहिलं वर्षभर मी रडले. हे मी बढाई मारून सांगत नाही, पण फार पद्धतशीर रडले. माझ्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला 'नागपूर' असं लिहून रोज एक रेघ मारायचे. आई विचारायची, "काहून रडून राहिली बाप्पा?" आणि मी म्हणायचे, "मला घरी जायचंय." आई म्हणायची, "हे काय मग?" आणि मी म्हणायचे, "हा फ्लॅट आहे." तीनशे चार रेघा झाल्या. मग कधीतरी रेघ मारायची राहिली आणि पुन्हा मारायची राहूनच गेली. ते माझ्या लक्षात आलं नाही आणि आई-बाबांच्या तर नाहीच नाही, कारण कपाटाचं दार आतून कोण बघतं?

आणि दिवाळीनंतरच्या सोमवारी बाबा ऑफिसमधून जिलेबी घेऊन आले.

"झालं!" ते म्हणाले. "नागपूरच्या ऑफिसात जागा मिळाली. तीनदा मागितली, दोनदा नाही म्हणाले, आज हो म्हणाले. एप्रिलपासून. फक्त शुक्रवारी संध्याकाळी सातपर्यंत मी मेलवर होकार द्यायचा." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्यासाठी हं, स्वानू. आता रडायचं नाही."

मी जिलेबी तोंडात घातली आणि मला रडू आलं. आई म्हणाली, "बघा, आनंदाने रडून राहिली."

मी काय सांगणार होते? माझ्या रडण्यापायी ह्या माणसाने साहेबांपुढे तीनदा हात पसरले होते. मावशीने तर मंगळवारीच नागपूरच्या माझ्या खोलीच्या पडद्यांची मापं घेऊन फोटो पाठवला. पिवळे पडदे. छान होते, हेच वाईट होतं.

बुधवारी सांगणार होते. बाबांच्या मीटिंग होत्या. गुरुवारी सांगणार होते, तर गिरिजाक्काचा फोन आला. आईच्या फोनवर! नंबर व्हॅनवाल्या अण्णांनी दिला होता. आईने स्पीकर लावला, काहीच न कळून "हां जी, हां जी" केलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"उद्या तूच ये पाहुणी म्हणून," गिरिजाक्का म्हणाली. "लोक विचारतायत, प्रश्नवाली मुलगी दिसते कशी. मी सांगितलं, रेडिओ आहे, दिसणार नाहीच."

आईने पाच मिनिटांत सगळ्या नागपूरला कळवलं. बाबा म्हणाले, "उद्या मी घरून काम करतो. रेकॉर्ड करून घेऊ."

शुक्रवारी शिवलीला माझ्याबरोबर आली, शाळेच्या गणवेशातच. स्टुडिओ म्हणजे कॉलेजच्या लायब्ररीमागची एक खोली, भिंतींना गाद्या ठोकल्यासारख्या. गिरिजाक्का माझ्या डोक्यात उंच होती. प्रत्यक्षात माझ्या खांद्याएवढी! पायात मोजे, कारण म्हणे चपला वाजतात.

पावणेसहापर्यंत सगळं झकास झालं. मी नागपूरचं ऊन सांगितलं, व्हॅन सांगितली, विराटचं नाव घेऊन त्याची पुरती बेअब्रू केली. मग गिरिजाक्काने डबा पुढे ओढला.

हा डबा मी अजून सांगितलाच नाही. 'एदुरु मने'चा नियम आहे: प्रत्येक पाहुणा जाताना उद्याच्या पाहुण्यासाठी एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून स्टीलच्या डब्यात टाकतो. उद्या कोण येणार हे त्याला माहीत नसतं. चावीवाल्याचा प्रश्न लिफ्टवाल्याला, लिफ्टवाल्याचा लिंबूवालीला. गिरिजाक्का माइकजवळ झाकण उघडते, टॅक्क! तो आवाज ऐकला की आमच्या व्हॅनमध्ये सगळे गप्प होतात.

टॅक्क.

"काल आपल्याकडे उंच इमारतींवरची मधमाश्यांची पोळी न जाळता हलवणारे अण्णा आले होते," गिरिजाक्का म्हणाली. "त्यांचा प्रश्न असा. कुठली जागा सोड म्हटलं, तर तू डंख मारशील?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे एक गमतीचं उत्तर तयार होतं, व्हॅनची मागची सीट वगैरे. ते आलंच नाही. त्याऐवजी मी म्हणाले, "ही."

"ही म्हणजे?"

"ही सगळी." आणि मग नळ फुटल्यासारखं झालं. कन्नडमध्ये फुटला, हे विशेष. तीनशे चार रेघा सांगितल्या, जिलेबी सांगितली, पिवळे पडदे सांगितले. आज सात वाजता बाबा हो म्हणणार आहेत आणि मला जायचं नाहीये आणि हे मी त्यांना सोडून कुणालाही सांगू शकते, असं सांगितलं. शिवलीला काचेपलीकडे दोन्ही हात गालांवर ठेवून उभी होती. तिलाही आत्ताच कळत होतं.

गिरिजाक्का हळूच म्हणाली, "पण पुट्टी, आता तर तू सांगितलंसच की. ते ऐकत नाहीयेत का?"

"ऐकतायत ना," मी नाक पुसत म्हणाले. "रेकॉर्डपण करतायत. पण त्यांना कन्नड येत नाही."

गिरिजाक्का रेडिओवर इतकी मोठ्याने हसली नव्हती कधी. आणि फोन वाजायला लागले. एक आजी म्हणाल्या, मी येऊन सांगू का तुझ्या आईला? एक टॅक्सीवाला म्हणाला, मला हिंदी येतं, मी बोलतो. शेवटचा फोन सिद्दण्णांचा. फक्त एवढंच म्हणाले, "सगळी बटणं दाबून झाली ना? आता बेल दाब."

सहा वाजले. तासभर होता, पण मध्ये सर्जापूर रोड होता.

पहिल्याच रिक्षात रेडिओ चालू होता. रिक्षावाल्याने आरशातून माझा गणवेश बघितला, शिवलीलाकडे बघितलं आणि म्हणाला, "सात वाजता ना? बसा." त्याने गल्ल्यांमधून रिक्षा अशी काढली की एका ठिकाणी आम्ही कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरीतून गेलो. पैसे घेतले मात्र बरोबर मीटरप्रमाणे.

गेटवर वॉचमन अण्णा खुर्चीतून उठले. "जाऊ नको, पुट्टी!"

"अण्णा, तुम्हीपण ऐकलंत?"

"सगळ्यांनी ऐकलं. इस्त्रीवाल्याने तर कपडे करपवले."

शिवलीला म्हणाली, "मी इथेच थांबते. तू जा. पळ!"

लिफ्ट बाराव्या मजल्यावर होती, म्हणून मी जिन्याने पळाले. आणि पळताना माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं: वासंतीकाकू! ह्या अख्ख्या इमारतीत कन्नडही येतं आणि माझ्या आईशी मराठीही बोलतात अशा एकट्या त्याच. त्यांनी ऐकलं असणारच. तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या दाराला कुलूप होतं. मेले!

चौथा मजला. माझ्याकडे किल्ली होती. पण मी बेल दाबली.

दार बाबांनी उघडलं आणि मला उचललंच जवळजवळ. "वा रे पठ्ठी! काय बोलली! कळलं काही नाही आम्हाला, पण काय बोलली! शेवटी एवढं काय हसून राहिले होते सगळे? आईने नागपूरला पाठवलंसुद्धा रेकॉर्डिंग!"

सोफ्यावर वासंतीकाकू बसल्या होत्या. हातात चहाचा कप, चेहरा दगडासारखा.

"किती वेळ झाला येऊन?" मी विचारलं.

"अर्धा तास. विचारते मी त्यांना, काय बोलली आमची पोरगी, तर म्हणतात आल्यावर तीच सांगेल," आई म्हणाली. "तीन कप चहा झाला त्यांचा."

वासंतीकाकूंनी कप खाली ठेवला. "मी एक शब्द काढला नाही हं, स्वानंदी. जीभ पोळली माझी. आता तू बोलतेस का, मला खाली कुकर लावायचाय."

टेबलावर बाबांचा लॅपटॉप उघडा होता. मेल लिहून तयार, 'आभारी आहे' पर्यंत. कोपऱ्यात सहा त्रेचाळीस.

मी जाऊन लॅपटॉपसमोर उभी राहिले, म्हणजे पाठ करून, कुणाला हात घालता येऊ नये म्हणून. कान तापले होते. व्हॅनमधल्या पहिल्या फोनच्या वेळी तापले होते तसेच, आणि तेव्हाही काही झालं नव्हतं.

"बाबा, तो मेल पाठवू नका. मी रेडिओवर तेच सांगत होते, सगळ्यांना कळलंय, फक्त तुम्ही दोघं राहिलात. तुम्ही माझ्यासाठी तीनदा मागितलं हे मला माहितीये. मला लाज वाटतेय, पण खरं सांगते. तुम्हा दोघांना जायचं असेल तर ते वेगळं, ते आपण बोलू, भांडू. पण माझ्यासाठी म्हणून जायचं नाही, कारण मी रेघा मारणं कधीच थांबवलंय, हवं तर कपाट उघडून बघा. मी नागपूरला सुट्टीत जाणार, पिवळे पडदे लावून झोपणार आणि परत येणार. मी इथे राहायचं ठरवलंय." मग श्वास घेतला आणि आठवलं म्हणून सांगूनच टाकलं, "आणि उद्यापासून रोज पाच वाजता 'एदुरु मने' रेकॉर्ड करायचं आणि रात्री तुम्ही दोघं माझ्याबरोबर ते ऐकणार आहात. कन्नड मी शिकवीन."