पेशंट हलला

"ताई, फोटो सुरेख आलाय. पण दुखतंय दुसरीकडे."

शिंपीकाका दारातूनच बोलले आणि त्यांनी मोठा पिवळा लिफाफा तिच्या टेबलावर ठेवला. माप चुकलेला कपडा गिऱ्हाईक परत आणून ठेवतं, तसा.

आत टेबलावर एक बाई मनगट सरळ धरून बसली होती. काकांना हातानेच थांबायला सांगून ती काचेमागे गेली, बटण दाबलं, बाईंना मोकळं केलं. जाताजाता बाईंनी विचारलं, आज नातवाला जवळ घेतलं तर चालेल ना? चालेल, एका फोटोने काही होत नाही, असं तिने सांगितलं. सकाळपासूनची ही नववी वेळ.

तळघरातली ही एक्स-रेची खोली, हिला खिडकी नाही. दारात शिशाचा पत्रा असल्यामुळे ते इतकं जड, की ढकलून सोडलं तरी आपल्या वजनाने हळूहळू मिटत येतं आणि शेवटी चौकटीत धपकन बसतं. या खोलीत येणारा प्रत्येकजण दोनच गोष्टी विचारतो: याने मला काही होणार नाही ना, आणि यात दिसतं ते खरंच असतं ना. कुणाला केस गळण्याची भीती, कुणाला पोटातल्या बाळाची. एका निवृत्त मास्तरांनी तर एकाच गुडघ्याचे दोन फोटो काढायचा हट्ट धरला होता. यंत्र दोन्ही वेळा तेच उत्तर देतं का, ते त्यांना तपासायचं होतं. सगळ्यांसाठी तिच्याजवळ दोन वाक्यं होती. एका फोटोने काही होत नाही. यंत्र खोटं बोलत नाही. बाळंतपणाच्या रजेनंतर कामावर येऊन तिला तीन आठवडे झाले होते. झोपेतून उठवलं असतं तरी ती दोन्ही वाक्यं तिने म्हणून दाखवली असती. झोप मिळाली असती तर.

घरी मात्र त्यातलं एकही वाक्य चालत नसे. किरणं कपड्यांना चिकटून घरी येतात, अशी सासूबाईंची समजूत. दिवा विझवल्यावर उजेड काही पदराला चिकटून येत नाही, असं तिने एकदा समजावून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "उजेड नसेल येत. धुराचा वास तर येतो." तेव्हापासून ती घरी गेल्यावर आधी न्हाणीघरात जाई, सगळे कपडे बदली, कोपरापर्यंत हात धुई आणि मगच सात महिन्यांच्या ढमीला हातात घेई. तोवर ढमी आजीच्या कडेवरून ओरडून घर डोक्यावर घेत असे.

शिंपीकाकांनी लिफाफ्यातून फोटो काढून उजेडासमोर धरला. चार दिवसांपूर्वी तिनेच काढलेला, दोन्ही खुब्यांचा. कोपऱ्यात 'उजवा' दाखवणारं शिशाचं अक्षर पांढरंशुभ्र उमटलं होतं आणि त्याच बाजूच्या हाडात वाटाण्याएवढा एक डाग होता. उद्या सकाळी नऊ वाजता तिथे सुई घालून हाडाचा तुकडा काढायचा आणि तपासायला पाठवायचा, असं हाडांच्या डॉक्टरांनी ठरवलं होतं. मोठ्या स्कॅनची तारीख दीड महिन्यानंतरची होती, तेवढं थांबण्यासारखा डाग नव्हता.

"मी डॉक्टरांना म्हटलं, साहेब, माझं डावीकडे दुखतं," काका म्हणाले. "ते म्हणाले, काका, शिरा फसवतात, दुखणं या बाजूचं असतं आणि कळ त्या बाजूला येते. असेलही. पण चाळीस वर्षं मशिनीवर बसतोय, माझे पाय माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत."

तिने दुसरं वाक्य काढलं. यंत्र खोटं बोलत नाही, काका.

"यंत्र कशाला खोटं बोलेल?" काका हसले. "मी नवीन होतो ना, तेव्हा एका साहेबांचा कोट कापला. बाह्या कापताना कापड दुमडून घ्यायचं, म्हणजे एक डावी निघते, एक उजवी. मी दुमडलंच नाही. दोन्ही डाव्या. शिवल्या मात्र झकास, हं. साहेबांनी हात घातला तेव्हा कळलं. मालक म्हणाले, कुणी कापलं हे? मी म्हटलं, कात्रीने."

तिला हसू आलं. बाहेर रांग होती. दुपारी चारपर्यंत वरच्या मजल्यावर दाखल व्हायचं होतं, म्हणून काकांनी लिफाफा उचलला. दार त्यांच्यामागे सावकाश मिटलं.

एक वाजता ती अंधाऱ्या खोलीत गेली. पूर्वी इथे फोटो धूत असत. आता मोडक्या खुर्च्या होत्या आणि आतून लागणारी कडी होती. त्या एका कडीसाठी ती खोली तिला प्रिय होती. ढमीला पाजायच्या वेळेला ती इथे बसून दूध काढी. कुठल्या बाजूने सुरू करायचं ते लक्षात राहावं म्हणून आतल्या पट्ट्याला एक छोटी पिन लावलेली असे. पाजून झालं की पिन दुसऱ्या बाजूला. ही युक्ती आईने शिकवलेली.

पिन डावीकडे होती. पण डावी बाजू मऊ, रिकामी, आणि उजवी दगडासारखी तट्ट फुगलेली, इतकी की हात लावला तरी डोळ्यांत पाणी यावं. पहाटे पाजून झाल्यावर पिन बदलायची राहिली होती. हात त्या जागी गेला नव्हता, एवढंच.

तिने पिन काढून उजवीकडे लावली आणि ती तशीच बसून राहिली. तिला काका दिसले. आज फोटो घेऊन उभे असलेले नव्हे, चार दिवसांपूर्वी टेबलावर झोपलेले.

काकांची पाठ कमानीसारखी. उताणं झोपवलं तर ते डाव्या-उजव्या अंगाला डुलत. काका म्हणाले होते, "पाठीवर माझी होडी होते, ताई. पालथा होऊ का?" मग तिने त्यांच्या छातीखाली उशी दिली होती. ते इतके स्तब्ध पडले, की तिला वाटलं, झोपच लागली.

टेबलाची एक बाजू भिंतीला लागून. उताण्या माणसाचा उजवा हात भिंतीकडे येतो. म्हणून 'उजवा'चं अक्षर भिंतीकडच्या कोपऱ्यात चिकटवायचं, हे तिच्या हाताला पाठ होतं. दिवसाला साठ माणसं, साठही उताणी. पालथ्या माणसाचा उजवा हात मात्र दाराकडे येतो. आणि तिच्या हाताने अक्षर भिंतीकडेच लावलं होतं.

बाहेर येऊन तिने संगणकावर फोटो उघडला. पाहून काही कळत नव्हतं. दोन खुबे, एक डाग, एक अक्षर. पालथं की उताणं, याची खूण फोटोत कुठेच नव्हती. डॉक्टरांना कळणार नाही, मामांना कळणार नाही, यंत्राला तर नाहीच. काका पालथे होते हे जगात दोघांनाच माहीत होतं. त्यातल्या एकाला त्याचा अर्थ कळत नव्हता.

मामा म्हणजे विभागाचे प्रमुख. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, सगळ्यांचेच मामा. मागच्या आठवड्यात तिने एकाचं नाव दुसऱ्याच्या फोटोवर टाकलं होतं, ते वेळेवर सापडलं. तेव्हा मामा एवढंच म्हणाले होते, की आणखी एक झाली तर मी काही बोलणार नाही, रात्रपाळीचा कागद बोलेल. नवऱ्याची रात्रपाळी आधीपासूनच होती. ढमीला बाटली तोंडात धरवत नव्हती. महिनाभर सासूबाईंनी नाना तऱ्हा करून पाहिल्या, बया ओठ मिटून घ्यायची. दिवसा वरणाच्या पाण्यावर कशीबशी निभायची, रात्री मात्र तिला आईच लागायची.

त्यानंतर तिने अकरा फोटो काढले. प्रत्येकाच्या वेळी अक्षर लावून दोनदा पाहिलं. एका कॉलेजातल्या मुलीने विचारलं, यात चूक तर होत नाही ना हो? तिच्या तोंडातून वाक्य आलंच नाही. मुलगी तिच्याकडे बघत राहिली. मग ती म्हणाली, श्वास रोखून धरा.

साडेतीनला ती मामांच्या खोलीत गेली.

मामांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. खात्री आहे का, विचारलं. तिने होकार दिला. मामांनी जुनं दुखणं असल्यासारखा सुस्कारा सोडला आणि आवाज खाली आणला.

"हे बघ पोरी. दुसरा फोटो काढून घे. कारण लिही, पेशंट हलला."

हे वाक्य त्या विभागात सगळ्यांना पुरून उरलेलं होतं. फोटो काळपट आला, पेशंट हलला. प्लेट तिरकी बसली, पेशंट हलला. यंत्र बंद पडलं तेव्हा मामांनीच थट्टेत लिहिलं होतं, पेशंट हलला. तिनेही लिहिलं होतं, कितीदातरी. घरी दूध उतू गेलं तरी ती तेच म्हणायची, आणि सासूबाईसुद्धा.

वाक्य चांगलं होतं. जड दार आपोआप मिटतं तसं सगळं त्या वाक्यामागे मिटलं असतं. तिने नोंदवही ओढली, पेन उघडलं. मग तिला एक साधी गोष्ट दिसली. जुना फोटो उजवीकडे डाग दाखवतो, नवा डावीकडे दाखवेल. जुना का चुकला ते कुठेच लिहिलेलं नसेल. मग डॉक्टर काय करतील? शहाणा माणूस जे करेल तेच. दोन्हीकडे सुई घालतील.

"ते हलले नव्हते, मामा," ती म्हणाली.

"मला कळतंय गं."

"श्वाससुद्धा घेत नव्हते. मीच चुकीच्या कोपऱ्यात लावलं."

मामांनी चष्मा पुन्हा काढला, टेबलावर ठेवला. मग म्हणाले, लिही. तू लिही, खाली मला सही करावी लागेल, आणि सही केली की पुढचा कागद आपोआप निघतो, तो माझ्या हातात राहत नाही. तिने लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा जरा मोठं आलं.

डॉक्टरांना मामांनी फोनवर सांगितलं. पलीकडचा आवाज टेबलाच्या या बाजूपर्यंत येत होता. तिने भिंतीकडे पाहिलं.

काकांना सांगायला ती स्वतः वर गेली. दवाखान्याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यात ते पलंगावर पाय लोंबकळत सोडून बसले होते आणि सदऱ्याची शिवण बोटांनी तपासत होते. तिने उभ्याउभ्याच सांगितलं. पाठ केलेलं काही उरलं नव्हतं, त्यामुळे दोनतीनदा अडखळली.

काकांनी शिवण सोडली.

"म्हणजे उद्या माझ्या चांगल्या हाडात सुई घातली असती."

"हो."

"आणि तिथे काही सापडलं नसतं. मला म्हणाले असते, काका, काही नाही, घरी जा."

हे तिच्याही लक्षात आलं नव्हतं. ती पलंगाच्या दांडीला धरून उभी राहिली. शेजारच्या पलंगावरचा माणूस खोकला आणि कूस बदलून पडला.

"कुणी कापलं?" काकांनी विचारलं. ते हसत नव्हते.

"मी."

त्यांनी मान हलवली. मग, पुन्हा फोटो म्हणजे पुन्हा किरणं ना, असं विचारलं. ती म्हणाली, हो, माझ्यामुळे एकदा जास्त. काही होत नाही, असं ती म्हणाली नाही. काका उठून चपला शोधू लागले.

खाली त्यांनी खुर्चीवरच्या घरच्या सदऱ्याच्या खिशातून चपटा निळा खडू काढला. सदरा ते बरोबरच घेऊन आले होते. सवयीने राहतो खिशात, म्हणाले. तिच्या हातात खडू देऊन ते पालथे झाले, उशी छातीखाली ओढून घेतली आणि डावा खुबा हाताने दाखवला.

"इथे दुखतं. खूण कर. माप घेताना गिऱ्हाइकाला विचारून खूण करावी, फसत नाही."

तिने करंगळीएवढी फुली काढली. सुरकुतलेल्या कातडीवर खडू अडखळत गेला. मग शिशाचं अक्षर उचललं, काकांचा उजवा हात हातात धरून पाहिला, हा उजवा, आणि अक्षर दाराकडच्या कोपऱ्यात चिकटवलं. "आता जा तू काचेमागे," काका उशीत तोंड खुपसून म्हणाले. "तुला लेकरू आहे." तिने त्यांना कधी सांगितलं नव्हतं. तिने खाली पाहिलं. गणवेशावर उजवीकडे ओला डाग पसरला होता.

नवा फोटो निघाला. हाडातला डाग होता तिथेच होता, डावीकडे. फुलीच्या खाली.

रात्रपाळीचा कागद साडेपाचलाच हातात आला. सोमवारपासून.

घरी पोचली तेव्हा ढमी आजीच्या कडेवर लालबुंद झाली होती. ती न्हाणीघरात गेली, कपडे बदलले, कोपरापर्यंत हात धुतले. खडू अंगठ्याच्या रेषांतून निघेना. दोनदा साबण लावला, मग बाहेरचं रडणं ऐकवेना म्हणून तशीच बाहेर आली. भिंतीला टेकून बसली आणि ढमीला आधी उजवीकडे घेतलं. हुंदके देत देत ढमी पिऊ लागली, मग हुंदके थांबले, नुसता गिळण्याचा आवाज राहिला.

"उशीर केलास," सासूबाई म्हणाल्या.

"एक फोटो पुन्हा काढावा लागला."

"का, पेशंट हलला?"

सोमवारपासून या वेळी ती घरातून निघत असेल. सासूबाईंना ते सांगायचं होतं, सांगणारच होती, ढमीचं पोट भरलं की. ढमीने चाचपडत तिचा निळा अंगठा शोधला आणि मुठीत घट्ट धरला. सासूबाईंनी तो पाहिला. मग पदराने ढमीचे डोळे पुसले.

"नाही," ती म्हणाली. "अजिबात हलले नाहीत."

आणि मोकळ्या हाताने तिने पिन काढून दुसऱ्या बाजूला लावली.