मेव्हण्याची बाटली

दातिवऱ्याच्या विश्राम तांडेलाला पावसाळ्यात दोनच कामं असत: किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीकडे बघणं आणि खारा मासा खाणं. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं त्या वर्षी पालघरच्या डॉक्टरांनी दुसरं काम बंद केलं.

"मनगटाची शीर बोटाखाली सुतळीसारखी कडक लागतेय. दाबही वाढलाय," ते म्हणाले. मग त्यांनी विश्रामची लघवी काचेच्या नळीत घालून दिव्यावर तापवली. नळीत पांढुरकं गढूळ आलं. "मूत्रपिंड गळायला लागलंय. लवकर कळलं, नशीब समजा. गोळ्या घ्या, मीठ तोडा आणि नारळी पौर्णिमेच्या आधी सकाळची लघवी बाटलीत घेऊन परत या. हे पांढरं गेलं नाही, तर समुद्रावर जायचं नाही."

"मंग सुकाणू कोन धरंल?"

"माजा भाव हाय ना," बायको मैनाबाई बोलली.

हा भाव म्हणजे नामदेव. अंगाने रेडा, कामाच्या नावाने आजारी, जेवायला मात्र बहिणीकडे वेळेआधी हजर. मैनाबाई काही वाया घालवणारी बाई नव्हती. नवऱ्याच्या वाटणीचा खारा बांगडा ती भावाच्या ताटात टाकू लागली. समोर विश्राम अळणी भात गिळायचा.

"भावजी, तुमी नुसता वास घ्या," नामदेव काटा चोखत म्हणायचा. "वासाला डॉक्टरची बंदी नाय."

पौर्णिमा जवळ आली तशी विश्रामची झोप उडाली. बापानंतर त्या सुकाणूला दुसऱ्याचा हात लागला नव्हता. झोप नामदेवाचीही उडाली. सुकाणू धरायचं म्हणजे पहाटे उठायचं! असं दोघांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं.

"माजीच न्या," नामदेव म्हणाला. "मला कदी साधी शिंक नाय." आणि त्याने औषधाची रिकामी बाटली मोठ्या उदार मनाने भरून दिली.

पालघरला डॉक्टरांनी विश्रामच्या दंडाला पट्टा बांधला. "वा! दाब चांगला उतरलाय." मग बाटलीतलं तापवलं. नळीत उकडलेल्या अंड्यासारखा पांढरा गोळाच धरला. डॉक्टर एकदा नळीकडे, एकदा विश्रामकडे बघू लागले.

"हे जुळत नाही. आता इथेच द्या, ताजी."

दारात मैनाबाई उभी. विश्राम गुपचूप आडोशाला जाऊन आला. नळी दिव्यावर गेली तसे त्याने डोळे मिटले. उघडले तेव्हा नळी पाण्यासारखी निवळ होती.

"समुद्रावर जा. गोळ्या आणि अळणी मात्र सोडू नका," डॉक्टर म्हणाले. "आणि ती पहिली कोणाची?"

सुकाणू तर हातात आलं होतं. गप्प राहिला असता, तर घरी निदान अब्रू राहिली असती. पण तो पांढरा गोळा अजून समोरच होता.

"हिच्या भावाची," विश्राम पुटपुटला.

मैनाबाईने नवऱ्याकडे असं बघितलं की तो बाकावर दोन वीत सरकला. मग ती डॉक्टरांना म्हणाली, "उद्याच आनते त्याला. कानाला धरून."

संध्याकाळी नामदेव वेळेआधी हजर. ताटात अळणी भात.

"बाय, बांगडा?"

"येसूबाईला दिला."

येसूबाई शेजारीण. तिच्या चुलीवर बांगडा चरचरला आणि वास कुडाच्या भिंतीतून थेट आत आला.

"घे, नामदेवा," विश्राम भात कालवत म्हणाला. "वासाला बंदी नाय."